एक आणा

डाग प्रथम दिसला तेव्हा पलूसएवढा होता.
मी स्टुलावर चढून शिसपेन्सिलीनं कडेनं रेघ ओढली,
तारीख टाकली.
बत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला
दुसरं काही सुचत नाही.
संक्रांतीला तासगाव भिजलं, होळीला कवठेमहांकाळ,
आणि एके पहाटे गच्चीवरच्या टाकीनं जत गाठलं.
जतला एवढं पाणी
मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गिलावा सुटला.
त्रिशलाच्या शिलाई मशीनवर,
सव्वा फूट बाय दहा इंच.
चाक वाकलं. कुणाचंतरी पोलकं
सुईखाली टोचून राहिलं.
ती तेव्हा दूध उतू जाईल म्हणून आत गेली होती.
हे मी अर्जात लिहिलं नाही.
रकाना नव्हता.

सेक्रेटरी आडमुठे (आडनाव तसं, माणूस मऊ)
म्हणाले, टाकी सोसायटीची, पण स्लॅब तुमचा.
आणि पाणी?
ते मीटिंगला ठेवतो.
तीन मीटिंगा पाणी विषयपत्रिकेवर होतं,
विषय क्रमांक सात,
ऐनवेळच्या विषयांच्या जरा आधी.

चेअरमन मगदूम माझे कॅरमचे जोडीदार.
राणी त्यांनी घ्यायची, कव्हर मी द्यायचं,
असं अकरा वर्षं.
ते म्हणाले, काय ओ चौगुले,
घरातलं चावडीवर नेताय?
मी म्हणालो, चावडीच घरात गळायली.

मग विजयनगर. ग्राहक आयोग.
शिपायानं पुकारलं,
भूपाल तवनाप्पा चौगुले,
विरुद्ध रत्नत्रय सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित.
आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नावापुढं
'विरुद्ध' वाचलं होतं.
आपल्या नावापुढं ते
नव्या चपलेसारखं लागतं.

फोटो दिले, पावत्या दिल्या,
छताचा नकाशा दिला, प्रमाण एकास दहा,
उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढलेला.
मॅडमनी चष्मा वर करून विचारलं,
हा तुम्ही काढलात?
तेवढ्यापुरता मी जिंकलो होतो.

चौथ्या तारखेला त्यांचा वकील आला नाही.
फाटकाशी मगदूम म्हणाले, बसा मागं.
अर्जदार आणि सामनेवाले
एका स्कूटरवर खणभागापर्यंत आलो.
खड्ड्यात मी त्यांचा खांदा धरला.
कुणी काही बोललं नाही.

कवठेपिरानच्या एका शिवारात मी
दोन भावांच्या मधे दगड रोवला होता.
भांडण हातभर बांधाचं.
मोजणी झाल्यावर थोरल्यानं चहा पाजला,
मग धाकट्यानं, त्याच्या वेगळ्या दारात.
मी परतताना हसलो होतो,
हातभर मातीसाठी काय माणसं!
आता जाऊन त्यांना सांगावंसं वाटतं,
मातीसाठी नव्हतं ते.
पण थोरला गेला, असं ऐकलं.

निकाल लागला, एकोणीस हजार दोनशे.
खजिनदार शेटे स्वतः घरी आले.
एका हातात धनादेश, दुसऱ्यात पावतीपुस्तक.
विशेष वर्गणी, प्रत्येकी बाराशे.
मी बघतच राहिलो.
ते ओशाळले. तुम्हीपण सभासद की ओ.

साखळीचे आणे सोळा,
आमच्या इमारतीत बिऱ्हाडं सोळा.
निकाल सोळा आणे माझ्या बाजूनं,
त्यातला एक आणा माझाच.
त्रिशला तोंडाला पदर लावून इतकी हसली
की शेट्यांनाही हसावं लागलं.
मी बाराशे मोजून दिले. दोनदा मोजले.

टाकी दुरुस्त झाली. छत रंगवताना
पोरगा म्हणाला, काका, या रेघा घालवू?
म्हटलं, घालव. मग म्हटलं, जत राहू दे.

मशीन मिरजेहून सरळ होऊन आलं,
फक्त दर फेऱ्याला एकदा कट्ट वाजतं.
ते पोलकं मगदूमवहिनींचं होतं.
शिवून, काजं करून, घडी घालून
कपाटात ठेवलंय.
त्यांनी अजून मागितलं नाही.